मी की माझा गिअरबॉक्स?

आमची पहिली भेट भंगारात झाली. हे मी कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं मी थट्टा करतेय, पण खरंच तसं झालं.

शहर संपतं तिथे जुन्या गाड्या मोडण्याचं एक मोठं आवार आहे. त्या दुपारी पाऊस पडू की नको अशा विचारात असल्यासारखा नुसता भुरभुरत होता. माझ्या गाडीच्या दाराचं, काच वर-खाली करायचं हँडल तुटलं होतं. तसली गाडी कंपनीने केव्हाच बंद केलेली, त्यामुळे नवं हँडल कुठे मिळेना. आवारवाल्या काकांनी मला कोपऱ्यातली एक बिनचाकांची गाडी दाखवली. अगदी माझ्या गाडीची जुळी बहीण. मी आत बसून हँडलचा स्क्रू फिरवायला लागले, तेवढ्यात काच नसलेल्या खिडकीतून एक हात आत आला आणि त्याने तेच हँडल धरलं.

"सॉरी... मला वाटलं आत कुणी नाही," हाताचा मालक म्हणाला. पण हँडल काही त्याने सोडलं नाही.

मीही सोडलं नाही. म्हटलं, मी डोळे तपासते, माझी भिंगांची पेटी मागच्या सीटवर असते आणि उघड्या खिडकीतून ती भिजते. तो म्हणाला, तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्टमध्ये माणूस अडकला की त्याला भर पावसातही धावावं लागतं. मी म्हटलं, अडकलेल्या माणसाला तुम्ही कोरडे आलात काय नि ओले आलात काय, काय फरक पडतो? यावर तो हसला. आधी त्याचे डोळे हसले आणि ते ओठांना जरा उशिरा कळलं... माझा हात त्या हँडलवर उगाचच सैल पडला.

काका आले, त्यांनी आमची भांडणं ऐकली, फाटकापाशी तोंडाला तोंड लावून उभ्या असलेल्या आमच्या दोन गाड्यांभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला. याच्या गाडीचा सांगाडा ठणठणीत आहे, पण गिअरबॉक्स संपत आलाय. माझ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स अजून वर्षानुवर्षं ओढतील, पण खालचा पत्रा गंजाने खाल्लाय. दोन मरतुकड्या गाड्या ओढत बसण्यापेक्षा एक मोडीत काढा आणि दोन्हींची मिळून एक धड गाडी करा. कुणाची मोडायची ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढं बोलून ते चहा प्यायला निघून गेले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्याने हँडल सोडलं. "घ्या तुम्ही," तो म्हणाला. "आणि एक सांगा... तुमच्या गाडीचा तिसरा गिअर अडखळत नाही ना?"

इथूनच माझ्या गोंधळाला सुरुवात झाली.

माझी गाडी म्हणजे खरं तर आईची गाडी. आमच्या घरी आम्ही दोघीच. आईने आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, त्याच गाडीत. म्हणून तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. शाळेतून आले की मी मागच्या सीटवर दप्तर उघडून बसायचे आणि पुढे कुणीतरी घाम पुसत क्लच सोडायला शिकत असायचं. माझे पाढे त्या गाडीत पाठ झाले, गोवरही मी त्याच सीटवर काढला. पुढे आईचे गुडघे दुखायला लागले, तिने शिकवणं सोडलं आणि गाडी माझ्याकडे आली. मोडीत काढायचा विषय निघाला की मी दर वेळी काहीतरी कारण काढायचे. एवढा हिवाळा जाऊ दे. एवढा सायलेन्सर बदलून बघू. आई वैतागायची. "गाडी आहे ती, माझी सासू नाही, एवढी काय सेवा करतेस तिची," म्हणायची.

थोड्याच दिवसांत तो लिफ्टवाला आमच्या चष्म्याच्या दुकानात आला. डोळे तपासायचेत म्हणाला. तपासणीची खोली माझी, लहानशी आणि अंधारी. मी त्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवली आणि एकेक भिंग बदलत विचारत गेले, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं? तो म्हणाला, दोन्ही सारखंच. मी भिंग बदललं. तरी सारखंच. मग बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्यात बघायला वाकले. रोज कितीतरी लोकांच्या इतक्या जवळ मी वाकते, कधी काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र त्याने श्वास रोखून धरला होता, आणि मी... मी पण.

"एक विचारू?" तो अगदी हळू म्हणाला.

"विचारा."

तो घसा खाकरून म्हणाला, "गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं होतंत?"

मी बॅटरी बंद केली. त्याचे डोळे तर अगदी उत्तम होते, चष्म्याची काडीमात्र गरज नव्हती. मग हा आला कशाला? तेलाची चौकशी करायला? मी दिवसभर भिंगं चुकीच्या खणात ठेवत राहिले.

पुढचे दोन-तीन महिने असेच गेले. कधी तो दुकानापाशी यायचा, कधी आवारात गाठ पडायची, कारण आमच्या दोघांच्याही गाड्या दर आठवड्याला काही ना काही मागायच्या. तो मला बोनेट उघडून एखादी नळी घट्ट करून द्यायचा, मी त्याला रुमाल द्यायचे, आणि तो काळा झालेला रुमाल धुऊन, इस्त्री करून परत आणायचा. माझं हे म्हणजे काय चाललं होतं? आणि त्याचं? एखाद्या पुरुषाला बाई आवडली तर तो तिच्या डोळ्यांबद्दल बोलतो, निदान हवेबद्दल तरी बोलतो. हा कायम माझ्या गाडीच्या पोटात डोकं घालून.

एकदा त्याची गाडी आवारातच अडली आणि त्याने मला घरापर्यंत सोडता का विचारलं. लिफ्टवाल्यानेच लिफ्ट मागावी, मी म्हटलं, आणि तो लाजला. कानापर्यंत लाल झाला. गाडीत बसल्यावर त्याला पायाशी तो दुसरा ब्रेक सापडला. झालं. प्रत्येक वळणावर गाडी आपोआप हळू व्हायला लागली. मी त्याला ओरडले, तो म्हणाला, चुकून पाय पडतोय. सिग्नल हिरवा असतानाही चुकून पडला. रस्ता संपूच नये असं त्याला वाटत होतं की काय... की माझ्या चालवण्यावर त्याचा विश्वास नव्हता? त्याच्या दारात थांबल्यावर तो उतरेना. वायपर एकटाच इकडून तिकडे जात होता.

"ही गाडी मोडायचं ठरवलंत," तो म्हणाला, "तर... आधी मला सांगाल?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी येऊन मात्र आईसमोर सगळं ओकले. त्याला माझी गाडी मोडायला हवी आहे. मी मोडीत काढली की इंजिन, गिअरबॉक्स याच्या गाडीत, आणि मग हा कशाला येतोय माझ्या दुकानाच्या वाटेला. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग अडचण नक्की कुठली आहे, गाडी जाईल ही, की तो जाईल ही? मला राग आला. गाडी ठेवावी तर कशासाठी, आईसाठी? आई तर नको म्हणतेय. त्याच्यासाठी? म्हणजे तो येत राहावा म्हणून मी एक गंजलेली गाडी जिवंत ठेवणार? आणि मोडून टाकावी, तर तो खरा कशासाठी येत होता ते कळेल. ते कळायचीच मला भीती वाटत होती.

मग तो दिवस आला. आईला गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे न्यायचं होतं. आई माझ्या शेजारी बसली होती, कायमच्या सवयीने एक पाय त्या ब्रेकजवळ ठेवून. दवाखान्याच्या अलीकडे रस्त्यात एक उंचवटा होता. मी हळूच घेतला, तरी खाली काहीतरी करकरलं, आणि आईची सीट मागच्या मागे कलंडली. आई अर्धी आडवी झाली. गंजलेला पत्रा फाटून सीटचे बोल्ट उपटून निघाले होते आणि त्या भगदाडातून मला रस्त्यावरचं ओलं डांबर दिसत होतं.

आईला फारसं लागलं नाही, कोपर तेवढं खरचटलं. उलट तीच मला धीर देत होती. मी फोन काढला आणि क्रेनवाल्याला न करता त्याला केला. का, विचारू नका. तो रिक्षाने आला. आधी त्याने आईला उतरवून जवळच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं, तिला पाणी दिलं, कोपर पाहिलं. मग गाडीला जॅक लावून, कोट काढून तसाच ओल्या रस्त्यावर आडवा होऊन खाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला नाही. त्याने मूठ उघडली. हातात पत्र्याचा तुकडा होता, आणि तो बोटांनी नुसता दाबला तरी बिस्किटासारखा चुरत होता.

"आजपासून तू या गाडीत बसायचं नाहीस," तो म्हणाला. "आईंना तर नाहीच बसवायचं. मोडीत काढ ही."

तू. इतके दिवस तुम्ही, अहो, आणि आज भर रस्त्यात एकदम तू. त्या एका अक्षराने मला आतून काहीतरी झालं, आणि त्याच क्षणी त्या हुकमाचा संतापही आला. दोन्ही एकदम. कुठलं खरं धरावं कळेना, म्हणून मी जवळचं तेवढं उचललं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून हेच हवं होतं ना?" मी म्हटलं. "मिळाला तुम्हाला गिअरबॉक्स."

त्याने हात पुसले, आईसाठी टॅक्सी थांबवली, तिला आधार देऊन बसवलं. मग कोट हातावर टाकून पायीच निघून गेला. टॅक्सीत आई माझ्याशी बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला खूप काही बोलायचं असतं.

बोलली ती दुसऱ्या दिवशी, कोपरावर मलम लावून घेताना. म्हणाली, "तुला वाटतं माझा त्या गाडीत जीव अडकलाय. अगं, त्या गाडीत मी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारत काढलं. रोज जीव मुठीत धरून. तुला वाढवायचं होतं म्हणून. ते झालं. आता माझ्या नावाने तिला ठेवू नकोस." आणि जरा थांबून, "काल तो मुलगा गाडीखाली शिरला तेव्हा तुझं लक्ष त्याच्याकडे होतं. माझं तुझ्याकडे होतं."

मी मलमाचं झाकण लावत बसले. ते नीट बसतच नव्हतं.

तो आठवडा फोन वाजला की मी बघायचे, आणि त्याचा नसला की पुन्हा ठेवून द्यायचे. मीच करावा असं कितीदा मनात आलं, पण करून म्हणायचं काय? चुकले म्हणायचं, तर माझं चुकलं होतं का हेही मला नक्की माहीत नव्हतं. शेवटी एवढं एक ठरवलं, की त्याचं काय व्हायचं ते होवो, गाडी मोडायची. आईला पुन्हा त्या भगदाडावर बसवायचं नाही. हे ठरलं आणि मला चक्क हलकं वाटलं. कितीतरी महिन्यांत मी पहिल्यांदा काहीतरी ठरवलं होतं.

गाडी क्रेनवर चढवून आवारात नेली. आईपण आली हट्टाने. मी काकांना म्हटलं, मोडा, आणि गिअरबॉक्स तेवढा त्या लिफ्टवाल्याला द्या, माझ्याकडून. नाव नाही सांगितलं तरी चालेल.

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी शेडकडे बोट दाखवलं. तिथे त्याची गाडी उभी होती, स्वच्छ धुतलेली. तो आमच्या त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी ती ठेवून गेला होता. सांगून गेला होता, की त्या बाईंनी त्यांची गाडी आणली तर तिचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं या सांगाड्यात बसवा, गाडी त्यांच्याच नावावर करा. त्या आल्या नाहीत तर मात्र त्यांना काही कळवू नका. मी विचारलं, मग तो स्वतः कामाला कसा जातो? काका म्हणाले, बसने. अवजारांची ती एवढी पेटी घेऊन.

मी त्या गाडीकडे बघत उभी राहिले. म्हणजे गिअरबॉक्स मला. सांगाडाही मला. मग त्याला नक्की काय हवं होतं? आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिला मीच शिकवलं का, असं तिला वाटत असावं. मग तिने पुढे होऊन आमच्या गाडीच्या टपावर एकदा हात फिरवला आणि काकांना म्हणाली, करा सुरू. मला म्हणाली, "तू जा. मी रिक्षाने जाईन घरी."

काकांकडून त्याच्या कामाचा पत्ता घेतला. एक उंच इमारत होती, तिथे त्याचं काम चालू होतं. तळमजल्यावर लिफ्टच्या दारावर पाटी लटकत होती, दुरुस्तीसाठी बंद. मी जिना चढायला लागले. खालच्या मजल्यांवर मी मनात एक छान, ताठ भाषण तयार केलं. मधल्या मजल्यांवर त्यातले कठोर शब्द गळाले. वर पोहोचेपर्यंत माझ्याकडे नुसती धाप उरली होती.

गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती. मोठं चाक, त्यावरून खाली अंधारात उतरलेले जाड तारांचे दोर, आणि ग्रीसचा वास. तो गुडघ्यांवर बसून काहीतरी घट्ट करत होता. मला पाहून पाना तसाच हातात राहिला.

"गाडी... मोडायला दिली," मी धापा टाकत म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं... आधी कळवायला. राहून गेलं."

त्याने नुसती मान हलवली आणि मला बसायला अवजारांची पेटी पुढे सरकवली. मी बसले नाही.

"तुम्हाला गिअरबॉक्स हवा होता ना?"

"होता. पहिल्या दिवशी. थोडा वेळ."

"मग नंतर? दर वेळी तेच तर विचारत होता."

तो पान्याकडे बघत म्हणाला, "दुसरं काही सुचायचंच नाही. घरून ठरवून निघायचो, आज हे बोलायचं, ते बोलायचं... आणि तुम्ही समोर आलात की तोंडातून गिअरबॉक्सच निघायचा." मग जरा हसला, पुन्हा आधी डोळ्यांनी. "नंतर वाटायला लागलं, गाडी मोडली तर येणार कुठल्या निमित्ताने? म्हणून म्हटलं होतं, आधी मला सांगा. पण त्या दिवशी खाली शिरून पाहिलं तेव्हा निमित्त वगैरे सगळं डोक्यातून गेलं. म्हटलं, भेटली नाही तर नाही, पण त्या गाडीत नको."

खाली कुठल्यातरी मजल्यावर एक दार लागल्याचा आवाज आला. वारा त्या खोलीच्या जाळीतून आत येत होता.

"तुम्ही... त्या दिवशी मला तू म्हणालात," मी म्हटलं.

"घाबरलो होतो."

"आणि आता?"

"आताही घाबरलोय."

मग काय झालं माझं मलाच माहीत नाही. इतक्या महिन्यांचा गोंधळ एकदम बाहेर पडला. मी म्हटलं, मला काही कळत नाही, मला साधी गाडी मोडायची ठरवायला एवढे दिवस लागले. मी दिवसभर लोकांना विचारत असते, हे बरं की ते बरं, आणि मला स्वतःला कधीच नीट दिसत नाही. तू एक बोलतोस, मनात दुसरंच असतं, आणि गाडी मात्र धुऊन ठेवून जातोस. माणसाने समजायचं काय?

बोलून झाल्यावर लक्षात आलं, मीही तू म्हणाले होते.

तो उठून उभा राहिला. "ठरवायला लागू दे ना वेळ," तो म्हणाला. "माझ्याबद्दल. मला घाई नाही."

"तुझ्याबद्दल नाही लागणार," मी म्हटलं. "ते ठरलंय. फक्त कधी ठरलं, तेवढं मला कळलं नाही."

त्याने पाना खाली ठेवला. हात पुसायला काही सापडेना, म्हणून शर्टालाच पुसले, आणि मग माझा हात हातात घेतला. ग्रीस अर्थातच माझ्या बोटांनाही लागलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. गिअरबॉक्सबद्दल तर अजिबातच नाही.

ती नवी-जुनी गाडी कुणाच्या नावावर करायची, हे मात्र तिथे ठरलं नाही. तो म्हणाला तुझ्या, मी म्हटलं तुझ्या, आणि आमचं पुन्हा भांडण होणार असं दिसायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, आधी खाली तर जाऊ. आई घरी वाट बघत असेल.

"काम झालंय तुझं?" मी विचारलं.

"झालंय. मघाशीच. बटण दाबलं की लिफ्ट चालू."

"मग दाब ना."

त्याने बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जिन्याने जाऊ या का?" तो म्हणाला. "जास्त वेळ लागेल."